केबिनमधली गादी

गेल्या उन्हाळ्यात मावसभावाच्या ट्रकमधली गादी मी उचलून पाहिली. कडेला ती चार इंच होती, खांद्याशी तीन आणि कंबर टेकते तिथे दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतकीच. त्या जागी तळहात दाबला की खालची प्लायची फळी लगेच हाताला लागायची.

"दादा, झोपून उठलो की कंबर धरून राहिली," तो म्हणाला.

"काहून?"

"गादीच नाही राहिली ना. मधात फळी लागते."

त्याआधी त्याने एकदा बाजारातून तयार गादी आणली होती. ती काही नीट बसली नाही. पायाकडची बाजू निमुळती असल्यामुळे तिथे गादी मुडपून कोंबावी लागली आणि त्या जागी टेंगूळ आलं. दुसरीकडे मागच्या भिंतीशी चार बोटं फट राहिली. मोबाईल, बिलटी, पाण्याची बाटली असं सगळं रात्रीतून त्या फटीत घसरायचं. शेवटी ठरलं की या वेळी गादी आणायची नाही, करून घ्यायची. त्या कामात जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण आमच्या गावावरून रोज रात्री अशा कितीतरी फळ्यांवर झोपलेली किंवा झोप न आलेली माणसं जातात.

पांढरकवड्याच्या अंगावरून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. श्रीनगर ते कन्याकुमारी असा हा देशातला सगळ्यात लांब महामार्ग. नागपूर–हैदराबाद हा त्याचा तुकडा आधी सात नंबरचा होता आणि जुनी माणसं अजून सात नंबरच म्हणतात. नागपूर सोडलं की हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी आणि मग आमचं गाव. पुढे पाटणबोरी, पिंपळखुटीचा चेकनाका, आणि पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. रुईच्या गठाणी, नागपूरची संत्री, वणीकडचा कोळसा, सिमेंट, लोखंड असा सगळा माल याच रस्त्याने जातो. रात्री ढाब्यासमोर गाड्या ओळीने लागतात आणि चालकाच्या सीटमागच्या पडद्याआड कुणीतरी आडवं होतं.

अशा कामगारांसाठी २०२५पर्यंत मोटार परिवहन कामगारांचा १९६१चा कायदा होता. पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्या वाहतूकदारांना तो लागू व्हायचा. कामाचे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास त्याने ठरवून दिले होते. कामगारांना रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीच्या खोल्या असाव्यात, अशीही तरतूद त्यात होती. पण स्वतःची एकच गाडी असलेल्या माणसाला खोली कोण बांधून देणार? त्याची विश्रांतीची खोली म्हणजे ती फळी आणि फळीवरची गादी. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. हे फार चांगलं झालं, विदर्भातल्या मे महिन्यात केबिनमध्ये दुपारी बसून पाहिलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. मात्र गादीचं माप आणि गादीचा दर्जा हा अजूनही मालकाचा आणि चालकाचा प्रश्न आहे.

आता ही फळी सरळ चौकोनी का नसते ते पाहू. आपल्याकडे वर्षानुवर्षं पुष्कळ ट्रक केबिनशिवाय विकले गेले. कंपनीकडून मिळायचं ते इंजिन, चासी आणि पुढचा दर्शनी पत्रा. बाकीची केबिन बॉडीवाला बांधायचा, लाकूड आणि पत्रा वापरून, आपल्या हाताच्या अंदाजाने. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या दोन गाड्यांतल्या बर्थचं मापसुद्धा जुळेलच असं नाही. कंपनीच्या तयार केबिनमध्ये माप ठरलेलं असतं, पण तिथेही मागची भिंत किंचित कललेली, कोपरे गोल आणि एखाद्या बाजूला खांब आत आलेला असतो.

हाच पेच होडीवाल्यांनाही असतो. नाळेकडे होडी निमुळती होते आणि तिची बाजू खाली आत वळते. त्यामुळे तिथल्या बिछान्याची फळी खांद्याकडे रुंद आणि पायाकडे अरुंद असते, शिवाय गादीचा तळ तिच्या माथ्यापेक्षा लहान लागतो. जगभर होडीत राहणारे लोक गादी बदलताना फुटपट्टीपेक्षा कागदावर जास्त विसंबतात, ते यामुळेच. समुद्र आमच्यापासून फार लांब आहे, पण त्यांची ही रीत ट्रकच्या केबिनला जशीच्या तशी लागू पडते.

आम्ही खाकी कागदाचे मोठे ताव घेतले. जुनी गादी काढून फळी पुसली. ताव एकमेकांवर चढवत फळीवर पसरले आणि चिकटपट्टीने जोडले. कडेला कागद जास्तीचा ठेवून तो बोटाच्या नखाने कोपऱ्यात घट्ट दाबत गेलो, म्हणजे घडीची रेघ उमटते. त्या रेघेवर पेन्सिल फिरवली आणि कागद कापून पुन्हा फळीवर ठेवून पाहिला. पहिल्याच खेपेला खांबापाशी तीन सूत चुकलं होतं. सुतार आणि गवंडी अजून सुतात बोलतात, इंचाचे आठ भाग केले की एक सूत. गादीत तीन सूत चुकलं तर लगेच कळत नाही, पण तिथे सुरकुती पडते आणि ती सुरकुती रात्रभर बरगडीला टोचते.

हा झाला तळाचा फर्मा. दुसरा फर्मा चार इंच वरचा, कारण गादीची जाडी चार इंच धरली होती. भिंतीला गुण्या लावला तेव्हा दिसलं की मागची भिंत चार इंचांत पाच सूत मागे जाते. म्हणजे गादीचा माथा त्या बाजूला पाच सूत जास्त रुंद हवा. तयार गादीला चार बोटांची फट पडली होती ती बहुतेक रुंदीच्या चुकीने आणि थोडी या उतारामुळे. दोन्ही कागदांवर ठळक लिहिलं: वरची बाजू, डोकं, पाय, खिडकी. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. उलटा ठेवलेला फर्मा दिसतो अगदी बरोबर आणि फोम कापला जातो आरशातला. तसं एकदा झालं की फोमचा पूर्ण ताव वाया जातो.

मापं निघाली ती अशी: मागच्या भिंतीलगत ७३ इंच, पुढच्या कडेला ७१, रुंदी मध्ये २७, पायाशी २५ इंच ४ सूत. एका आकड्यात सांगता येईल असं माप त्या फळीला नव्हतंच.

मग फोम. दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती डेन्सिटीचा पाहिजे?" घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो. बहुतेक जण असं समजतात की आकडा वाढला की गादी कडक होते. तसं नाही. घनता सांगते की त्या जागेत प्रत्यक्ष पदार्थ किती भरला आहे, म्हणजे फोम किती वर्षं तग धरेल. मऊपणा किंवा कडकपणा हे वेगळं मोजमाप आहे. त्यासाठी प्रयोगशाळेत ३८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि १० सेंटिमीटर जाड तुकडा घेतात, त्यावर २० सेंटिमीटर व्यासाची चकती दाबतात आणि जाडी पावपट कमी व्हायला किती जोर लागला ते नोंदवतात. मग आणखी दाबून, जाडी ६५ टक्क्यांनी कमी व्हायला किती जोर लागला तेही पाहतात. पहिला आकडा पाठ टेकताना कसं वाटेल ते सांगतो. दुसरा आकडा कंबर खोल बुडू लागली की फोम तिला थोपवेल का ते सांगतो. दुसरा पहिल्याच्या दुपटीपेक्षा जास्त असलेला बरा. हलक्या फोमला हात लावला तर तो मऊ आणि छान लागतो, पण वजन पडलं की तो थेट फळीपर्यंत बसतो. दुकानात आपण हात लावून पसंत करतो आणि फसतो ते इथे.

गावातल्या दुकानात चकती नसते. पण वजनकाटा कुठेही मिळतो, आणि घनतेची परीक्षा त्यावर पाच मिनिटांत होते. आम्ही घेतलेला ताव ७५ इंच बाय ३६ इंच आणि ३ इंच जाड होता. सेंटिमीटरमध्ये तो साधारण १९०.५, ९१.४ आणि ७.६. गुणाकार केला की घनफळ ०.१३ घनमीटरच्या थोडं वर येतं. फोम खरोखर ४० डेन्सिटीचा असेल तर हा ताव ५.३ किलोच्या आसपास भरायला हवा. ३२चा असेल तर सव्वाचार किलो आणि २८चा असेल तर पावणेचारच्याही आत. पहिल्या दुकानात "चाळीसचाच आहे" म्हणून दाखवलेला ताव चार किलोच्या जवळपास भरला. तिथून आम्ही निघालो. दुसऱ्या ठिकाणी काटा ५ किलो २०० ग्रॅमवर थांबला.

वजनातही एक खोच आहे. वजन वाढवण्यासाठी फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळता येते. असा फोम काट्यावर खरा उतरतो आणि झोपायला खोटा निघतो. कापलेली कड बोटांत चोळली की कोरडी, भुरभुरीत लागते, आणि तुकडा ओढला की ताणण्याआधीच फाटतो. चांगला फोम ताणला जातो आणि सोडल्यावर पुन्हा जागेवर येतो. कातरण मागून घेऊन हे पाहावं. दुकानदाराला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

हा फोम बनतो कसा, ते कळलं की त्याच्या खोडीही कळतात. पॉलियुरेथेनचं रसायन ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला शोधलं. बसण्या-झोपण्याचा मऊ फोम कारखान्यांतून मोठ्या प्रमाणात निघू लागला तो १९५०च्या दशकात. दोन द्रव एकत्र येतात, पॉलिऑल आणि आयसोसायनेट. त्यात थोडं पाणी असतं. आयसोसायनेट आणि पाणी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण फुगतं. सरकत्या पट्ट्यावर ओतलेलं हे मिश्रण एक-दोन मिनिटांत माणसाच्या कमरेएवढं वर येतं. आंबवलेलं इडलीचं पीठ फुगावं तसंच, फक्त डोळ्यांदेखत. शेवटच्या क्षणी बुडबुड्यांचे पातळ पडदे फुटतात आणि आतून एकमेकांना जोडलेल्या जाळीचा ठोकळा उरतो. पडदे फुटले म्हणून हवा आरपार जाते आणि फोम श्वास घेतो. ठोकळ्याच्या पोटात इतकी उष्णता साठते की तो थंड होईपर्यंत वेगळा ठेवून त्यावर लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर आतूनच पेट घेण्याचा धोका असतो.

आपल्याकडे अजून लोक सरसकट 'डनलॉपची गादी' म्हणतात. ते नाव आलं त्या कंपनीच्या रबरी फेसामुळे. रबराचा चीक फेसून गादी करण्याची युक्ती तिच्याकडे १९२९च्या सुमारास सापडली. आज त्या नावाखाली विकला जाणारा माल बहुतेक पॉलियुरेथेनचाच असतो. मेमरी फोमची वेगळी गंमत आहे. १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी तो नासासाठी, विमानाच्या आसनांकरता तयार केला. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीने कडक. घरात हा गुणच आहे. पण बाहेर पंचेचाळीस अंश असताना तापलेल्या केबिनमध्ये तो लोण्यासारखा ढिला पडणार आणि जानेवारीच्या पहाटे लाकडासारखा वाटणार. भावाला दुकानदाराने तोच सुचवला होता. मी नको म्हटलं.

जाडी किती घ्यायची? इथे मोह होतो की सहा इंच घेऊ, मऊ लागेल. पण बर्थवर बसलं की डोकं छताला लागतं, दोन इंच जास्तीचे म्हणजे कपडे बदलतानाही वाकून बसायचं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. गाडी चालू असताना दुसरा चालक मागे झोपलेला असतो. सेकंदाला चार ते आठ वेळा वरखाली होणाऱ्या हादऱ्यांनी माणसाचं धड सगळ्यात जास्त हलतं. जाड आणि मऊ फोम इंजिनची बारीक थरथर गिळतो, पण नेमके या टप्प्यातले हादरे तो कमी करण्याऐवजी वाढवू शकतो, कारण माणूस त्याच्यावर स्प्रिंगवर ठेवल्यासारखा होतो. म्हणून केबिनमध्ये गादी मध्यम जाडीची आणि जरा घट्ट हवी. आम्ही खाली एक इंच रिबॉन्डेड घातला. हा कातरणांचा चुरा करून, चिकटवून, दाबून केलेला जड फोम, डेन्सिटी शंभरच्या आसपास. त्यावर तीन इंच चाळीसचा. रिबॉन्डेडवर थेट झोपवत नाही, पण फळीवर आपटण्यापासून कंबर तो वाचवतो. गुडघा रोवून सगळा भार टाकून पाहिला. फळी लागली नाही.

एवढं फोमबद्दल बोलताना मला सारखं वाटत होतं की हे मी कुठे बसून बोलतोय. आमच्या जिल्ह्याची ओळखच कापूस. दिवाळीनंतर जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लोंबत असतो. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. त्या रुईची १७० किलोची गठाण बांधून ती ट्रकवर चढते आणि तो ट्रक चालवणारा माणूस मात्र फोमवर झोपतो. मग रुईचीच गादी का भरू नये?

भावाच्या वडिलांच्या गाडीत तशीच होती. पिंजारी दारात यायचा, पिंजणाच्या तातीचा तो टणत्कार पूर्ण गल्लीत ऐकू यायचा आणि दाबून घट्ट झालेली रुई पुन्हा हलकी होऊन ढिगाने उडायची. रुईचा तंतू वाळताना चपटा होतो आणि पिळा घेतो. त्या पिळ्यांमध्ये हवा अडकते म्हणून पिंजलेली रुई मऊ. पण तंतूला स्प्रिंगसारखी उसळी नसते. दाबली की दबलेलीच राहते. घरी गादी रोज उचलतो, उन्हात टाकतो, वर्ष-दोन वर्षांनी पिंजून घेतो. ट्रकमध्ये रात्रंदिवस हादरे बसतात, रुई कंबरेखालून कडेला सरकते आणि टाके असूनही गोळे होतात. आणि पिंजायला देणार कधी, गाडी तर विजयवाड्याला.

पण एका बाबतीत रुईला फोम गाठूच शकत नाही. रुई आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवेतून सहज पिते आणि तरी हाताला कोरडी लागते. घाम न आलेल्या रात्रीही अंगातून वाफ निघतच असते, ती रुई टिपून घेते आणि उन्हात टाकली की सोडून देते. फोम ती वाफ पीत नाही. वर रेक्झिन असेल तर पाठ चिकट होते, उन्हाळ्यात तर अंगाखाली घामाचं डबकं साचतं. बहुतेक केबिनमध्ये रेक्झिनच असतं कारण ते पुसता येतं. माझ्या मते ही पुसण्याची सोय झोपेच्या मोलाने घेतलेली आहे.

म्हणून आम्ही दोन्ही घेतले. आकार आणि आधार फोमचा, अंगाला लागणारी बाजू सुताची. मावशीने जुन्या नऊवारी लुगड्यांची वाकळ शिवून दिली, बर्थच्याच फर्म्यावर, पाच पदरी, बारीक धावदोरा घालून. ती धुता येते, दोन तासांत वाळते आणि खिडकीवर टाकली तर पडद्याचंही काम करते.

कापणं हे एकाच माणसाने करायचं काम नाही. लांब, पातळ पात्याची सुरी ओली करून घ्यायची आणि करवतीसारखी लांब ओढ घेत चालवायची. दाबायचं अजिबात नाही. फोम दाबून कापला की कापताना कड सरळ दिसते आणि हात काढला की ती आत वाकलेली निघते. उताराच्या बाजूसाठी फोमच्या माथ्यावर वरच्या फर्म्याची रेघ आणि तळावर खालच्या फर्म्याची रेघ मारली. मी माथ्यावर नजर ठेवली, भावाने खाली बसून तळाची रेघ पाहिली आणि "सरळ… थोडं इकडे… बस" असं सांगत राहिला.

फोम फर्म्यापेक्षा लांबी-रुंदीत चार सूत मोठा कापला आणि अभ्रा मात्र फर्म्याच्या मापाचाच शिवला. मोठा फोम लहान अभ्र्यात कोंबला की अभ्रा ताणून बसतो आणि कोपरे भरलेले राहतात. बरोबरीने कापला तर महिन्याभरात अभ्रा ढिला होऊन त्यावर सुरकुत्या चालतात. अभ्र्याला जाड मांजरपाट घेतलं. ते आधी भिजवून, वाळवून, मगच शिवायला दिलं, कारण कोरं सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं आणि मग अभ्रा गादीवर चढतच नाही. चेन मागच्या लांब कडेला, आणि दोन्ही कोपऱ्यांवरून थोडी वळवून. नुसती सरळ चेन लावली तर गादी आत सरकवताना शिवण उसवते.

दोन थर चिकटवताना सगळीकडे गम फासायचा नाही. वाळल्यावर त्याचा पापुद्रा होतो, हवा अडते आणि गादी कुरकुरते. कडेने आणि मध्ये चार-पाच पट्टे पुरतात. हे काम उघड्यावर करावं, बिडी-काडी लांब ठेवावी आणि वास पूर्ण गेल्याशिवाय गादी केबिनमध्ये ठेवू नये. आम्ही दीड दिवस ओसरीवर ठेवली.

या बर्थच्या खाली पेटी आहे. त्यात जॅक, पाने, दोर, ताडपत्री. एकसंध गादी असली की रात्री पंक्चर झालं तर आधी अख्खी गादी उपसायची. म्हणून गादी दोन तुकड्यांत केली. जोड कुठे द्यायचा यावर बराच विचार केला. मधोमध दिला तर नेमका कंबरेखाली येतो आणि आपण पुन्हा पहिल्या दुखण्यावर येतो. तो गुडघ्याच्या खाली घेतला, डोक्याकडून साडेचार फुटांवर, आणि दोन्ही तुकडे तळाकडून कापडाच्या पट्टीने बिजागरीसारखे जोडले. पायाकडचा तुकडा वर दुमडला की पेटीचं झाकण उघडतं.

फळीला भोकं पाडली, इंचभर व्यासाची, वीतभर अंतराने. होडीत गादीखाली दमटपणा धरतो, बुरशी येते, म्हणून तिथे फळीऐवजी पट्ट्या ठोकतात. आपल्याकडे पावसाळ्यात तेच होतं. आता एसीच्या केबिनमध्ये थंड फळी आणि ऊबदार अंग यांच्या मधोमध पाणी सुटण्याची शक्यता आणखी वाढेल. जुनी गादी उलटवली तेव्हा तिच्या पाठीवर काळे ठिपके होते. भाऊ इतकी वर्षं त्याचा वास डिझेलचा समजत होता.

आणि आगीबद्दल. गाडीच्या आत वापरायच्या सामानाची आग ठरावीक वेगापेक्षा भरभर पसरू नये असा वाहनांच्या मानकांचा नियम आहे. बाजारातून कापून आणलेल्या साध्या फोमला तो कुणी लावून पाहिलेला नसतो. पॉलियुरेथेन पेटलं की फार वेगाने जळतं आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला ज्वाळेच्या आधी तो धूर गाठतो. पावसात काही जण गॅसची शेगडी केबिनमध्येच पेटवून चहा ठेवतात. भावाला मी हात जोडून सांगितलं की चहा बाहेर, उदबत्ती डॅशबोर्डवर नको आणि मच्छरची कॉइल तर गादीशेजारी कधीच नको. मच्छरदाणी शिवून दिली.

खर्च तयार गादीपेक्षा थोडा जास्त आला आणि दोन दिवस गेले. एक रुपयाही वाया गेला असं मला वाटत नाही.

पहिल्याच फेरीत तो हैदराबादला जाऊन आला. आठवड्याने गाडी पांढरकवड्याला थांबली तेव्हा मी फळीवर चढून पाहिलं. कंबरेच्या जागी हात दाबला, फोम वर आला. मात्र खांबाच्या कोपऱ्यात अभ्र्याला एक सुरकुती होती, हाताएवढी लांब. माप काढताना जिथे तीन सूत चुकलं होतं तिथेच. कागद दुरुस्त केला होता, पण शिंप्याकडे पहिलाच कागद गेला होता. चेन उघडून त्या कोपऱ्यात फोमची अर्धा इंच पट्टी सरकवली आणि चेन लावली. चुकीचा कागद फाडून टाकला. बरोबर असलेले दोन्ही गुंडाळून, त्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून मावशीने माळ्यावर ठेवले आहेत.